घर मंडळाचे, भाडे तिसऱ्याचे

दरवर्षी मृगाच्या सरी येण्यापूर्वी मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ शहर बेटावरील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. वर्तमानपत्रांतून ती छापून येते, इमारतींच्या दारांवर नोटिसा लागतात आणि रहिवाशांनी आपली पर्यायी व्यवस्था करावी अथवा मंडळाच्या संक्रमण शिबिरात स्थलांतर करावे, असे आवाहन केले जाते. गिरगाव, डोंगरी, काळबादेवी, लालबाग अशा भागांतील ज्या कुटुंबांच्या इमारतीचे नाव त्या यादीत असते, त्यांच्यापुढे त्या दिवसापासून एकच प्रश्न उभा राहतो : जायचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून शासनाने संक्रमण शिबिरे बांधली. शीव येथील प्रतीक्षानगर, बोरिवलीतील मागाठाणे, मालाडची मालवणी, विक्रोळीचे कन्नमवारनगर, मानखुर्द अशी मिळून ५६ शिबिरे आणि त्यांत सुमारे २० हजार गाळे, हा या व्यवस्थेचा पसारा आहे. परंतु गेल्या दशकातील पाहणीत त्यांपैकी आठ हजारांवर गाळ्यांत असे लोक आढळले की ज्यांच्या नावे तो गाळा कधी दिला गेलाच नव्हता. कोणी तो भाड्याने घेतला होता, कोणी लाखो रुपये मोजून 'विकत' घेतला होता, तर कोणी कुलूप तोडून सरळ आत शिरला होता.

चोरी झाली की घराचे दार फुटलेले दिसते, कपाट उघडे दिसते. येथे तसे काही दिसत नाही. दाराला तोरण असते, खिडकीत कपडे वाळत असतात, मुले शाळेत जात असतात. सारे काही इतर घरांसारखेच असते. ज्याचे नुकसान झाले तो मात्र दहा-पंधरा किलोमीटर दूर, टेकू दिलेल्या छताखाली बसलेला असतो, आणि आपल्या वाटणीचा गाळा कोणाच्या ताब्यात आहे याची त्याला कल्पनाही नसते. सार्वजनिक घरांतील भाडेकरारांची फसवणूक वर्षानुवर्षे खपून जाते याचे मुख्य कारण हे आहे.

रहाट कोठे अडतो

संक्रमण शिबिरातील गाळा हे फिरते घर होय. एका इमारतीतील कुटुंब तेथे येते, त्याची मूळ इमारत दुरुस्त होते किंवा नव्याने बांधली जाते, कुटुंब परत जाते आणि रिकाम्या गाळ्यात पुढील इमारतीचे कुटुंब येते. रहाटाचे पोहरे जसे एकामागून एक भरतात आणि रिते होतात, तशी ही योजना आहे. एक पोहरा अडकला की सगळा रहाट थांबतो.

अडकण्याचे प्रत्येक कारण फसवणूक हेच असते, असे मात्र नाही. कित्येक मूळ इमारतींची पुनर्बांधणी भूखंड अरुंद असल्यामुळे, न्यायालयीन वादांमुळे किंवा आरक्षणामुळे झालीच नाही. तेथून हलविलेली कुटुंबे तीस-चाळीस वर्षे शिबिरातच राहिली, त्यांच्या सुना तेथे आल्या, नातवंडे तेथे जन्मली. या लोकांना घुसखोर म्हणणे हा अन्याय होईल. ते मूळ रहिवासी आहेत आणि त्यांचा हक्क शाबूत आहे. राज्य शासनाने २०१९ मध्ये शिबिरांतील रहिवाशांचे तीन वर्ग ठरविले ते याच विचाराने. उपकरप्राप्त इमारतीतून आलेले मूळ भाडेकरू अथवा त्यांचे वारस हा पहिला वर्ग, मूळ भाडेकरूकडून कुलमुखत्यारपत्राद्वारे गाळा घेतलेले हा दुसरा आणि कोणताही आधार नसलेले घुसखोर हा तिसरा. अलीकडच्या वर्षांत बायोमेट्रिक सर्वेक्षण हाती घेण्यात आले तेही ही वर्गवारी कागदावरून प्रत्यक्षात उतरविण्यासाठी.

मुंबईतील जुन्या इमारतींची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात आणि १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत इमारती कोसळून माणसे दगावली. अशा प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांचा दोष एखाद्या अडविलेल्या गाळ्यावर टाकता येणार नाही. तथापि नोटीस मिळूनही इमारत न सोडणाऱ्या कुटुंबांशी बोलले असता दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, शिबिर फार दूर आहे. आणि दुसरी, एकदा गेलो की परत येणे नाही. या दुसऱ्या भीतीला शिबिरांची आजची स्थिती खतपाणी घालते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

'खोली विकली' : एका सवयीचा इतिहास

भाडेकरूने घर 'विकले' असे म्हणण्याची पद्धत मुंबईत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठली आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती तशीच राखली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेना. भाडेकरूजवळ मात्र नाममात्र भाड्याची, कोणी काढू शकणार नाही अशी जागा राहिली. त्या जागेला बाजारात किंमत आली. भाडेकरू बाहेर पडताना नव्या माणसाकडून पागडी घेई, मालकाचा वाटा मालकाला देई आणि भाडेपावती नव्या माणसाच्या नावे होई. बेकायदेशीर असूनही हा व्यवहार इतका सर्रास चाले की गिरणगावात 'खोली घेतली', 'खोली विकली' हे शब्द मालकीच्या घरासारखेच वापरले जात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने अशा अधिमूल्याच्या देवघेवीला अखेर कायद्याची मान्यता दिली.

ही मान्यता खाजगी मालकीच्या भाड्याच्या जागांपुरती होती. सार्वजनिक घरात गोष्ट निराळी असते. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, उपकर बसविण्यात आला आणि सुमारे १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पुढे १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमान्वये म्हणजेच म्हाडा कायद्यान्वये गृहनिर्माण मंडळ, दुरुस्ती मंडळ व झोपडपट्टी सुधार मंडळ एका प्राधिकरणाखाली आले. या प्राधिकरणाच्या गाळ्यात राहणारा माणूस हा तो गाळा ज्या कारणासाठी दिला त्या कारणापुरताच तेथे राहत असतो. तो गाळा त्याने कोणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्याला दिलेला नसतो. परंतु चाळीतून शिबिरात आलेल्या माणसाबरोबर चाळीतील भाषाही आली. 'खोली विकली' हा शब्द तोच राहिला. फरक एवढाच की येथे मालकाचा वाटा देण्याचे कारण उरले नाही. तो वाटा दलालाकडे गेला.

यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका देण्याचे ठरले. शिवडीतील चाळी वगळता इतर तीन ठिकाणी ते काम हाती घेण्यात आले. भाड्याच्या खोलीचे मालकीच्या घरात रूपांतर होणार असे कळले की भाडेपावतीवर कोणाचे नाव आहे याला एकाएकी मोल येते. ज्यांनी वीस वर्षांत खोलीकडे ढुंकून पाहिले नाही ते पुतणे, भाचे आणि मानलेले भाऊ कागदपत्रे घेऊन हजर होतात. म्हणून पुनर्विकासाची घोषणा झालेल्या वसाहतींत अधिक सावध राहणे आवश्यक ठरते.

फसवणुकीची रूपे

सर्वांत साधे व सर्वांत प्रचलित रूप म्हणजे पोटभाडे. मूळ धारक उपनगरात किंवा गावी स्वतःच्या घरात राहतो. शिबिरातील अथवा पुनर्वसन इमारतीतील घर तो अकरा महिन्यांच्या कराराने दुसऱ्याला देतो, शासनाला नाममात्र भाडे भरतो आणि बाजारभावाने भाडे घेतो. अनेकदा हा करार नोंदणीकृतही असतो आणि तो दाखवून 'सारे कायदेशीर आहे' असे सांगितले जाते. येथे एक गैरसमज दूर झाला पाहिजे. दस्त नोंदणीकृत झाला म्हणजे तो करून देणाऱ्याला तसा अधिकार होता, हे सिद्ध होत नाही. ज्या प्राधिकरणाची जागा आहे त्याची लेखी परवानगी आहे का, हा खरा प्रश्न असतो.

दुसरे रूप कुलमुखत्यारपत्राच्या विक्रीचे. मुद्रांक कागदावर एक मुखत्यारपत्र, एक मृत्युपत्र, एक ताबापावती आणि नोटरीचा लाल शिक्का, असा संच तयार केला जातो. एवढ्या कागदांच्या बळावर साधी माणसे आयुष्याची पुंजी देऊन बसतात. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या अशा विक्रीने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या जागेची मालकी विकणाऱ्याकडेच नव्हती तिच्याबाबत तर प्रश्नच उद्भवत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील मोफत सदनिका धारकाच्या नावे असली तरी १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यातील कलम ३-ई ने तिच्या विक्रीवर व भाड्याने देण्यावर काही वर्षांचे बंधन घातले आहे. ही मुदत पूर्वी दहा वर्षांची होती. पुढे ती कमी करण्यात आली. मुदत संपल्यावरही हस्तांतरास प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

तिसरे रूप खोट्या वारसाचे. सर्वांत जास्त दुःख यातच दडलेले असते. भाडेकरू वारला की गाळा वारसाच्या नावे होण्यासाठी मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, इतर वारसांचे ना-हरकत आणि हमीपत्र द्यावे लागते. समजा, एका गाळ्याचा धारक वारला आणि त्याची विधवा दोन लहान मुलांना घेऊन काही महिने माहेरी गेली. मधल्या काळात दिराने 'मयत अविवाहित होता' असे प्रतिज्ञापत्र करून गाळा स्वतःच्या नावे करून घेतला. ती परत येते तेव्हा दाराला नवे कुलूप असते, आणि आत कोणी तिसरेच कुटुंब भाड्याने राहत असते. बहिणींच्या खोट्या सह्या, गावी असलेल्या म्हाताऱ्या आईचा न दाखविलेला हक्क, हीही याच जातीची फसवणूक होय. घरातील मामला म्हणून शेजारी अशा वेळी गप्प राहतात. वास्तविक त्या विधवेच्या बाजूने बोलू शकणारे साक्षीदार शेजारीच असतात.

मूळ इमारत पुन्हा उभी राहणे शक्य नसलेल्या भाडेकरूंना कायमचे घर देण्यासाठी मंडळाची बृहत्सूची असते. बोलण्यात तिला मास्टर लिस्ट म्हणतात. येथे बनावट भाडेपावत्यांच्या जोरावर, पडलेल्या इमारतीत कधीही न राहिलेले लोक रहिवासी म्हणून उभे केले जाण्याचा धोका असतो. इमारतच जमीनदोस्त झालेली असल्याने खरे-खोटे करणारे जोते राहत नाही, मजला राहत नाही. राहतात ती फक्त त्या इमारतीतील विखुरलेली माणसे. आपल्या जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कोण राहत असे हे सांगू शकणारा एखादा वृद्ध शेजारी अशा वेळी दप्तरातील फाइलीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. सूचीवरील घरांचे वाटप २०२३ पासून संगणकीय सोडतीने करण्यास सुरुवात झाली. त्यामुळे कोणते घर कोणाला जाणार यातील हस्तक्षेपाला आळा बसतो. पात्रतेच्या कागदांची तपासणी मात्र माणसांनाच करावी लागते.

सोडतीच्या नव्या घरांतही फसवणूक शिरते. उत्पन्न कमी दाखविणे, पती अथवा पत्नीच्या नावावर असलेले घर लपविणे, खोटे अधिवास प्रमाणपत्र जोडणे हे त्यातील प्रकार. याच्या उलट, अर्जदारालाच लुबाडणारेही असतात. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीच्या सुमारास म्हाडाच्या संकेतस्थळासारखेच बनावट संकेतस्थळ काढून लोकांकडून पैसे उकळण्याचा प्रकार उघडकीस आला होता. म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही, हे प्रत्येक जाहिरातीत छापलेले असते. परंतु जाहिरातीतील तेवढीच ओळ वाचायची राहून जाते.

शेजाऱ्याला काय दिसते

अधिकारी वर्षातून एखाद्या वेळी येतो. शेजारी रोज पाहतो. म्हणून ओळखीच्या खुणा शेजाऱ्यालाच आधी दिसतात. दर अकरा महिन्यांनी घरातील माणसे बदलतात. एकच इसम निरनिराळ्या कुटुंबांना खोली दाखवायला घेऊन येतो. पहिल्या आठवड्यात कोणी मोटरसायकलवर येऊन रोख पैसे घेऊन जातो आणि पावती देत नाही. विजेचे देयक एका नावाने येते, दारावरची पाटी दुसऱ्या नावाची असते आणि टपाल तिसऱ्याच नावाचे पडलेले असते. काही ठिकाणी घराचे गोदाम किंवा शिवणकामाचा कारखाना झालेला असतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला बहुधा शिकवून ठेवलेले असते : कोणी विचारले तर आम्ही मूळ मालकाचे भाचे आहोत असे सांगा.

संक्रमण शिबिरात एक साधी कसोटी उपयोगी पडते. खऱ्या कुटुंबाला आपली मूळ इमारत ठाऊक असते. कोणत्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, समोर कोण राहत असे, नळाला पाणी किती वाजता येई, हे तिथल्या आजीबाई न विचारता सांगतात. तीस वर्षे शिबिरात काढलेली माणसेही आपण 'ठाकुरद्वारचे' किंवा 'भायखळ्याचे' आहोत असेच म्हणतात. ज्या घरात मूळ इमारतीचे नावही कोणाला सांगता येत नाही, तेथे शंकेला जागा आहे.

शंकेला जागा आहे, एवढेच. शंका म्हणजे पुरावा नव्हे. मुंबईच्या वसाहतीत घर दोन-दोन महिने बंद असण्याची कारणे असंख्य असतात. कोकणातील माणूस शिमग्याला आणि गणपतीला जातो, म्हातारी आई आजारी असली की गावी राहतो. कोणी रात्रपाळीला असल्यामुळे दिवसा दिसत नाही. गावाकडचा पुतण्या शिक्षणासाठी काकांकडे चार वर्षे राहतो, तो पोटभाडेकरू होत नाही. नवऱ्याने टाकलेली लेक मुलांसह बापाच्या घरी परतली तर दारात नवी माणसे दिसतात, पण त्या घरात काहीही गैर घडलेले नसते. शेजाऱ्याची भाषा, धर्म, जात किंवा प्रांत ही तर खूण मुळीच नव्हे. पाण्याच्या, जिन्याच्या किंवा वाहन उभे करण्याच्या भांडणाचा सूड म्हणून केलेल्या तक्रारी कार्यालयांना नवीन नाहीत. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

तक्रार कशी लिहावी

मोघम तक्रार निष्फळ ठरते. 'आमच्या शिबिरात अनेक घुसखोर आहेत, सर्वांनी हात ओले केले आहेत, तरी त्वरित चौकशी व्हावी' अशा पत्रावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. ते पत्र फाइलीला लागते आणि तेथेच राहते. याउलट पुढील मजकूर पाहावा : 'अमुक शिबिर, इमारत क्रमांक ४, दुसरा मजला, गाळा क्रमांक २१७. या गाळ्याचे मूळ धारक मार्च २०२३ पासून येथे राहत नाहीत. तेव्हापासून तीन कुटुंबे आलटून पालटून राहिली. सध्याचे कुटुंब ऑगस्टमध्ये आले. दर महिन्याला एक इसम भाडे घेण्यास येतो. गाळ्याचे वीज देयक मूळ धारकाच्याच नावे येते.' यात आरोप नाही, विशेषण नाही. जे पाहिले तेच आणि जेव्हा पाहिले तेव्हाचेच आहे. अशा पत्रावरून निरीक्षकाला त्याच दिवशी दार ठोठावता येते.

पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. पुरावा गोळा करण्याच्या भरात कोणाचे टपाल उघडू नये, घरात डोकावून छायाचित्रे काढू नयेत, कुटुंबाला जाब विचारू नये. ते काम सक्षम प्राधिकाऱ्याचे आहे आणि त्याला त्यासाठी कायद्याने अधिकार दिलेले आहेत.

संक्रमण शिबिराची तक्रार दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे, म्हाडाच्या अन्य वसाहतीतील घराची त्या मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाकडे आणि पुनर्वसन इमारतीतील सदनिकेची झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे करावी. ही दोन्ही प्राधिकरणे वांद्रे पूर्व येथे आहेत. शंका कर्मचाऱ्याविषयीच असेल तर म्हाडाच्या दक्षता विभागाकडे जावे, आणि कोणी लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. 'आपले सरकार' संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदविता येते. बनावट वाटपपत्र, खोटी सही किंवा तोतया वारस असा प्रकार असल्यास तो केवळ मंडळाचा विषय राहत नाही. फसवणूक व बनावट दस्तऐवज हे गुन्हे असल्यामुळे पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

अर्जावर आवक क्रमांकाची पोच घ्यावी. या लहानशा शिक्क्यावाचून पुढचा मार्ग बंद होतो. महिना-दोन महिने उलटूनही हालचाल दिसली नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेस काय कार्यवाही झाली' एवढेच विचारावे. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. शेजाऱ्याची वैयक्तिक कागदपत्रे मागितल्यास ती खाजगी माहिती म्हणून नाकारली जाऊ शकतात. स्वतःच्या अर्जाचे काय झाले हे मात्र सांगावेच लागते.

आपले नाव उघड होईल ही भीती खरी आहे. एकाच जिन्यावरून चढ-उतार करायची असते, आणि गाळ्यांचा धंदा करणारा दलाल बहुधा त्याच वसाहतीत वजन राखून असतो. नाव गुप्त ठेवावे अशी लेखी विनंती अर्जातच करावी. निनावी पत्राची अडचण अशी की अधिकाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायचा असला तर विचारायचा कोणाला? शक्य तेथे चार-पाच गाळेधारकांनी किंवा रहिवाशांच्या समितीने मिळून सही करावी. एकट्यावर राग धरणे सोपे असते.

जो आत राहतो त्याचे काय

तक्रार झाल्यावर प्रथम स्थळपाहणी होते. त्यानंतर म्हाडा कायद्याच्या कलम ६६ खाली सक्षम प्राधिकारी नोटीस देतो, म्हणणे मांडण्याची संधी देतो, कागद तपासतो आणि मग निष्कासनाचा आदेश काढतो. त्या आदेशावर अपील करता येते. शेजाऱ्याला हा वेळ फार वाटतो. पण ज्या विधवेचे उदाहरण वर आले, तिच्यासारखीच एखादी बाई उद्या चुकीच्या तक्रारीवरून बाहेर काढली जाऊ नये यासाठीच ही सुनावणी असते.

पोटभाडेकरू कुटुंब हे नेहमीच गुन्हेगार असते असे नाही. अनेकदा दलालाने त्यांनाही सांगितलेले नसते की हे घर शासनाचे आहे. महिन्याला दहा-बारा हजार मोजणारा, गावाकडून नुकताच आलेला कामगार हाही या व्यवहारात नाडलेलाच असतो. त्याने दलालाला दिलेल्या अनामत रकमेची पावती, पैसे पाठविल्याचे भ्रमणध्वनीवरील संदेश आणि करारनामा जपून ठेवला व चौकशीत पुढे केला, तर घराबाहेर राहून भाडे खाणाऱ्याविरुद्ध तो सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होतो. नवे घर घेऊ पाहणाऱ्याने तर पैसे देण्यापूर्वीच वाटपपत्र, ताबापत्र आणि चालू भाडेपावतीवरील नाव एक आहे का ते पाहावे आणि गाळ्याचा क्रमांक घेऊन मंडळाच्या कार्यालयात समक्ष विचारणा करावी. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल. त्यापलीकडे काही बुडणार नाही.

गाळा रिकामा झाला की मंडळ त्याला मोहोर लावते. पुढच्या वाटपापर्यंतचे हे दिवस पुन्हा धोक्याचे असतात, कारण रिकामा गाळा हेरून कुलूप तोडणाऱ्यांची नजर त्यावर असतेच. मोहोर तुटलेली दिसली, रात्री आत दिवा दिसला, तर पहिल्या तक्रारीचा आवक क्रमांक देऊन त्याच कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. त्या गाळ्याची वाट पाहणारे कुटुंब अजून जुन्या इमारतीतच असते.